सुट्टीच्या हार्दिक शुभेच्छा

३ मे

पंत,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, आधी तक्रार ऐक.

फोन का केला नाही म्हणून विचारू नकोस. दिवसभर हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसून कान लाल होतात, घरी आल्यावर मला फोनकडे बघवतसुद्धा नाही. धाकट्या भावाला चार ओळी लिहिल्या की कसं मोकळं वाटतं.

तर, काल आमच्याकडे तुमच्या मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आलं. मोठे साहेब ते दोन बोटांत धरून माझ्या जिन्याखालच्या खोलीत आले. तू पाहिली आहेस ती खोली, एका बाजूला बोर्ड, दुसऱ्या बाजूला माइक आणि मधे मी. म्हणाले, "बाई, यंदा मोठ्या सणाला स्पीकरवरून हे वाचायचं. जसंच्या तसं." काय होतं त्यात? शुभेच्छा देताना कोणत्याही देवाचा, धर्माचा किंवा सणाचा उल्लेख करू नये, फक्त पुढचं वाक्य म्हणावं: "सर्व रुग्ण, नातेवाईक व कर्मचारी यांना सुट्टीच्या हार्दिक शुभेच्छा."

अरे, या माइकवर माझे केस पांढरे झाले. सणाच्या सकाळी मी काय म्हणते ते तुला पाठ आहे, कॉलेजात असताना तू माझी नक्कल करायचास. "देव तुम्हा सगळ्यांचं भलं करो. सण आनंदात जावो. गोड खायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा." यात कोणाच्या पोटात दुखण्यासारखं काय आहे? माणसं देवाचं नाव सगळ्यात जास्त घेतात ती आमच्याकडे, आणि तुम्ही त्याला आमच्याकडूनच बाहेर काढता. ऑपरेशनच्या दाराबाहेर बसलेल्या बाईने काय सुट्टीचा धावा करायचा?

साहेबांनी बजावलंय, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माइक जाणार. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारं यंत्र कपाटात येऊन बसलंय म्हणे. मग मी फायलींच्या खोलीत. पंत, तुला म्हणून सांगते, मला त्याची फार भीती वाटते. हे गेले, मुलगी लांब, घरात माझं ऐकायला भिंती. इथे मी बोलले की अख्खी इमारत मान वर करते.

तू त्याच कार्यालयात बसतोस, तर हे लिहिणारा महाभाग कोण ते शोधून काढ. मला फक्त नाव सांग, पुढचं मी बघते. माझा अंदाज विचारशील तर त्याला सणाला कोणी जेवायला बोलावत नसणार.

आशीर्वाद.
ताई


८ मे

ती. ताईस,

दोन्ही कान पकडून नमस्कार.

पत्र मिळालं. परिपत्रक काही एक माणूस लिहीत नाही गं, समिती असते. त्यामुळे असं एकाचं नाव सांगता येणार नाही. पण त्या माणसाचा, म्हणजे ज्या कोणी लिहिलं असेल त्याचा, हेतू वाईट नसावा. नुसता "हार्दिक" हा शब्द टिकवायला त्याला दोन बैठका भांडावं लागलं, असं ऐकतो. बाकीच्यांना तोही नको होता.

तू यंदा लिहिलंय तेवढं वाच आणि मोकळी हो. उगाच माइकवरून भांडण ओढवून घेऊ नकोस. तुझा आवाज गेला तर त्या इमारतीत कोणाला काही सापडणार नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन तुमच्याकडेच ठरलंय, तुमचे हाडांचे डॉक्टर चांगले म्हणून. म्हणजे सणाला त्या तिथेच असतील. हिला रजा मिळेपर्यंत तू जाऊन येऊन त्यांच्याकडे बघ. आमच्या लग्नात आईच्या जागी तूच उभी होतीस, त्या अजून तुलाच विहीणबाई म्हणतात आणि तुझी चौकशी करतात. त्यांचा धर्म वेगळा म्हणून तुला तेव्हा जी काळजी वाटत होती ती त्यांनी कधी खरी होऊ दिली नाही, हे तूच म्हणतेस.

फक्त त्यांच्याजवळ परिपत्रकाचा विषय काढू नकोस. आजारी माणसाला कशाला त्रास.

तुझा,
पंत


२३ मे

पंत,

बसला आहेस ना? नसलास तर बस.

काल सण होता. मी लवकर आले, चष्मा पुसला आणि परिपत्रक समोर धरून अक्षर न अक्षर वाचलं. प्रत्येक सूचना मी दोनदा वाचते, कारण पहिल्या वेळी लोक एकमेकांना "काय म्हणाली?" एवढंच विचारतात. तर दोनदा वाचलं, माइक बंद केला आणि चहाचा कप उचलला.

कप तोंडापर्यंत पोचला नाही, तेवढ्यात बोर्डावरचे दिवे लागायला लागले. पुरुषांचा वॉर्ड, बायकांचा वॉर्ड, हाडांचा वॉर्ड. सगळीकडून एकच प्रश्न, "सगळ्यांनाच सुट्टी?"

आलं का ध्यानात? तुमच्या कार्यालयात सुट्टी म्हणजे पाय पसरून झोपणं. आमच्याकडे सुट्टी म्हणजे घरी सोडणं. "डॉक्टर, मला सुट्टी कधी?" हे आमच्या प्रत्येक पलंगावरचं पहिलं वाक्य. आणि मी स्पीकरवरून, तेही हार्दिक, सगळ्यांना एकदम देऊन टाकली.

पुढचं काय सांगू. पोटाचे टाके ओले असलेला शिंपी पायजम्यावर कोट चढवून जिन्यात उभा. दोन्ही पाय प्लास्टरमधले ड्रायव्हर "मला कोणीतरी उचला" म्हणून हाका मारतायत. बाळंतिणींच्या वॉर्डात एका सासूने बाळ गुंडाळलं, पिशवी घेतली आणि लिफ्टपर्यंत गेल्यावर तिला सून आठवली. आदल्या दिवशी दाखल झालेले एक गृहस्थ तर रुसलेच, अजून तपासलंही नाही आणि घालवता म्हणाले. कागदांच्या खिडकीपुढे ही रांग लागली.

आणि नर्स. सणाच्या दिवशी डबल ड्युटी करणाऱ्या बायांना मी सुट्टीच्या शुभेच्छा दिल्या. मेट्रन माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "कुठे आहे?"

मी हसत हसत हाडांच्या वॉर्डात गेले, तर विहीणबाई पलंगाच्या कडेला बसलेल्या. केस विंचरलेले, मांडीवर पर्स. घाईत एकट्याच उतरायला गेल्या आणि नवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. आता मुक्काम वाढलाय त्यांचा. पण चेहरा कसा उजळलेला. मला म्हणतात, "विहीणबाई, ऐकलंत ना? आमच्या जावयांनी लिहिलंय ते. माझ्यासाठी लिहिलंय."

माझं हसू तिथेच थांबलं.

म्हणजे दोन बैठका भांडणारा तो तूच. पंत, मला वाक्याचा राग नाही. मला राग आलाय तो "ज्या कोणी लिहिलं असेल त्याचा हेतू" या ओळीचा. तो जो कोणी आहे ना, तो माझ्या हातचं जेवून मोठा झालाय. त्याने मला सरळ सांगायला काय हरकत होती?

साहेबांना वाटतं मी मुद्दाम केलं. माइक काढून घेतला, यंत्र बसवलं. मी फायलींच्या खोलीतून लिहितेय. इथे बोललं तर फक्त धूळ उडते. लेखी खुलासा मागितलाय, तो काय देऊ ते कळत नाही.

ताई


२७ मे

ती. ताईस,

नमस्कार करायचं तोंड नाही, तरी करतो.

तू लिहिलंस, "त्याला सणाला कोणी जेवायला बोलावत नसणार." ताई, दरवर्षी तूच बोलावतेस. ते वाचल्यावर मी नाव कसं सांगणार होतो? भ्यालो, दुसरं काही नाही. लहानपणी भ्यायचो तसाच.

आता कारण सांगतो. गेल्या वर्षी सासूबाई तापाने आमच्या इथल्या हॉस्पिटलात होत्या. तेव्हाही मोठा सण आला होता. स्पीकरवरून देवाच्या नावाने शुभेच्छा, येणारी जाणारी प्रत्येक नर्स, झाडूवाली, डॉक्टर, सगळे त्यांना सणाचं म्हणत होते. सासूबाई प्रत्येकाला हसून "तुम्हालाही" म्हणत होत्या. दिवसभर तेच. मग थोड्या दिवसांनी त्यांचा सण आला. हिच्याकडून त्यांनी नवे कपडे मागवून घेतले, सकाळपासून आवरून बसल्या. त्या दिवशी स्पीकरवरून एकच सूचना झाली, फाटकासमोरची स्कूटर हलवा. संध्याकाळी मी गेलो तर मला विचारतात, "जावईबापू, माझी तारीख चुकली का हो?"

ताई, मला तिथे उभं राहवेना. त्याच दिवशी ठरवलं की ज्या शुभेच्छांत सगळे बसत नाहीत त्या नकोतच.

म्हणून समितीत बसलो. मी "शुभ दिवस" लिहिलं, तर एकजण म्हणाले, शुभ हा शब्दच धार्मिक आहे. मग "आनंदाचा काळ" लिहिलं, तर समितीतल्या एक बाई म्हणाल्या, हॉस्पिटलात काळ हा शब्द नको. शेवटी सुट्टी उरली. सुट्टीला कोणाचीच हरकत नव्हती. आम्ही सगळे निरोगी होतो गं.

तुझ्या साहेबांना मी आजच लिहिलंय की शब्द माझा, चूक माझी, बाईंनी हुकूम पाळला. इथे माझं नावच सुट्टी पडलंय. काल शिपाई विचारत होता, "साहेब, उद्या सुट्टी, की तुम्ही येणार?" तुझा माइक परत मिळेपर्यंत मला चैन पडणार नाही.

पण एक सांगतो, मग राग आला तरी चालेल. जुनं वाक्य परत आणायचं म्हणू नकोस. तू "तुम्हा सगळ्यांचं" म्हणतेस आणि तुला वाटतं ते सगळ्यांपर्यंत पोचतं. सासूबाईंपर्यंत ते पोचत नव्हतं. तिथल्या माइकवरची बाईही अगदी तुझ्यासारखीच प्रेमाने बोलत होती.

तुझा,
पंत


२ जून

पंत,

तुझी शेवटची ओळ वाचली आणि पत्र घडी करून ठेवून दिलं. दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. मग तिसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन सरळ विहीणबाईंच्या पलंगापाशी गेले आणि विचारलं, मी देवाचं नाव घेऊन शुभेच्छा दिल्या असत्या तर तुम्हाला वाईट वाटलं असतं का?

त्या म्हणाल्या, "मला कशाला वाईट वाटेल? भलं कोणी का करेना, गुडघा वाकला म्हणजे झालं."

"मग जावई सांगतात ते?"

तर चमचा खाली ठेवून हसायला लागल्या. म्हणाल्या, "विहीणबाई, मला तुमचं काही काढून घ्यायचं नव्हतं. आमच्या सणाला कोणीतरी दोन शब्द बोलावेत एवढंच होतं. जावई भाबडे. माझं एकटीचं ताट वाढायचं राहिलं, तर त्यांनी सगळ्यांचीच ताटं उचलली."

मी म्हटलं, मग तुम्ही त्याला सांगितलं का नाही? तर म्हणे, एवढ्या हौसेने कागद घेऊन आले होते, मी चष्मा लावून वाचला आणि "छान" म्हटलं; त्या सकाळी मात्र वाटलं, घरी जायची सुट्टीही त्यांनीच मिळवून दिली. मग डब्यातली भाजी त्यांना आवडली, अर्धी त्यांनीच संपवली.

तेव्हा पंत, तू त्यांना विचारलं नाहीस आणि मीही कधी कोणाला विचारलं नाही. इतकी वर्षं "तुम्हा सगळ्यांचं" म्हणत आले, पण सगळे म्हणजे कोण हे बघायला कधी जिना चढले नाही. तुझी ती ओळ मला लागली, आणि लागायलाच हवी होती. झालं, बोलून टाकलं.

आणखी एक बोलायचंय, पण साहेबांना कळवू नकोस. सुट्टीचा घोळ मला पहिल्यांदा वाचताना कळला नाही. दुसऱ्यांदा वाचताना कळला. तरी वाचलं.

माइकचं म्हणशील तर यंत्राचा आवाज माझ्यापेक्षा गोड आहे, पण त्याला भरलेल्या वाक्यांपलीकडे काही येत नाही. परवा एक म्हातारबाबा एक्स-रेला निघाले आणि धुण्याच्या खोलीत जाऊन बसले, यंत्र आपलं "शांतता राखा" म्हणतंय. काल साहेबांचा चष्मा हरवला. फायलींच्या खोलीत येऊन इकडे तिकडे बघत म्हणाले, "बाई, पूर्वी तुम्ही एकदा पुकारलंत की सापडायचा." मी म्हटलं, खुलासा लिहितेय साहेब, मधे बोलता येत नाही. तुझं पत्र त्यांना मिळालंय. पाघळतायत हळूहळू.

दहा तारखेला विहीणबाईंचा सण आहे. त्यांच्या बोलीत काय म्हणायचं ते मी शिकतेय. पण माइक मिळाला तरी तुझं परिपत्रक आडवं येतंय. तूच घातलंस, तूच काढ.

ताई


७ जून

ती. ताईस,

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "आई नुसतं छान म्हणाली म्हणजे तिला आवडलेलं नाही, एवढं तुला अजून कळत नाही?" आता मला आठवतंय, माझ्या हातच्या चहालाही त्या छान म्हणतात.

कालची बैठक चार तास चालली. एकाचं म्हणणं, सगळ्या सणांची यादी जोडू. दुसरे म्हणाले, यादीत पहिला सण कोणाचा टाकायचा? त्यावर दोन तास गेले आणि चहा दोनदा झाला. मग मी उठून सुट्टीचं सगळं प्रकरण सांगितलं, शिंप्यापासून मेट्रनपर्यंत. माझी फजिती ऐकून समिती पहिल्यांदाच एकत्र हसली, आणि त्या हसण्यात मी दुरुस्ती पास करून घेतली. एकच ओळ आहे: "शुभेच्छा ज्यांना द्यायच्या त्यांना विचारून द्याव्यात." कोणीतरी म्हणालं, विचारायचं कोणी? मी म्हटलं, ज्याच्या हातात माइक आहे त्याने.

प्रत सोबत जोडली आहे. साहेबांना वेगळी पाठवली आहे, खाली तुझा माइक परत देण्याची शिफारस आहे. बघ काय होतं. मला रात्रीपासून घास गोड लागत नाहीये.

तुझा,
पंत


१३ जून

पंत,

आशीर्वाद आधी. या वेळी तक्रार नाही.

नऊ तारखेला दुपारी साहेब स्वतः यंत्र उचलून घेऊन गेले आणि मला खुर्चीवर बसवलं. मी पहिली सूचना त्यांच्या चष्म्याची केली. तो मेट्रनच्या टेबलावर निघाला.

संध्याकाळी सगळे वॉर्ड फिरले. प्रत्येक पलंगापाशी विचारलं, उद्या कोणाचा सण आहे का, आणि स्पीकरवरून म्हटलेलं चालेल का? विहीणबाई होत्याच. पण कँटीनमधला आचारी, तो रोज माझ्या चहात आलं जास्त घालतो, त्याचाही तोच सण निघाला. त्याला इथे कोणी कधी विचारलंच नव्हतं. खिडकीजवळच्या पलंगावरचे गणिताचे मास्तर म्हणाले, "मी देव मानत नाही, सण मानत नाही. पण मला वगळू नका." मी म्हटलं, तुम्हाला काय हवं? म्हणाले, चहा गरम हवा.

दहाला सकाळी माइक सुरू केला. म्हटलं, "आज आपल्यातल्या काहीजणांचा सण आहे. त्यांना त्यांच्या बोलीत शुभेच्छा." आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. दोनदा. मग म्हटलं, "ज्यांचा सण नाही त्यांचाही दिवस चांगला जावो, आणि मास्तरांना चहा गरम मिळो."

आता ऐक. त्यांच्या बोलीत शांती आणि शेळी या दोन शब्दांत एका ऱ्हस्वदीर्घाचा फरक आहे. मी अख्ख्या हॉस्पिटलला सांगितलं की तुमच्या घरी सदैव शेळी नांदो. आचारी कँटीनमधून पळत आला, डोळ्यांत पाणी आणि हसू आवरत नाही. हाडांच्या वॉर्डातून बोर्डाचा दिवा लागला. विहीणबाई. आधी नुसतं हसणं ऐकू येत होतं, मग म्हणाल्या, "शेळी चालेल, दुभती असली म्हणजे झालं." मग गंभीर होऊन त्यांनी तेच वाक्य मला नीट म्हणून दाखवलं, माझ्या नावाने.

त्याचं उत्तर त्यांच्या बोलीत मी शिकलेच नव्हते. मी म्हटलं, "तुम्हालाही."

 त्या म्हणाल्या, "हे मी जन्मभर म्हणत आले विहीणबाई. ऐकायला बरं वाटतं हो." पंत, मला रडू आलं. लागोपाठ तीन फोन मी उचलले नाहीत.

आज त्यांचा गुडघा वाकला आणि डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिली. त्या दारापर्यंत आल्या तेव्हा मी माइक लावला आणि म्हटलं, "हाडांच्या वॉर्डातल्या आमच्या विहीणबाईंना सुट्टीच्या हार्दिक शुभेच्छा." दोन्ही मजल्यांवरून टाळ्या. त्या जिन्याखाली थांबल्या, काठी वर करून मला दाखवली आणि मग गाडीत बसल्या.

झालं, त्या गेल्या आणि शिंपी माझ्या दारात. "बाई, माझीपण आज सुट्टी आहे, माझी सांगा की." त्याची सांगितली. मग टाके चिघळल्याने इतके दिवस राहिलेली ती विसरलेली सून बाळाला घेऊन आली, तिची सांगितली, सासूचं नाव मुद्दाम घेतलं नाही. ड्रायव्हरांनी आत्तापासून नंबर लावून ठेवलाय. साहेबांची हरकत नाही, वाक्य परिपत्रकातलंच आहे म्हणतात. हार्दिकसाठी भांडलास ते बरं केलंस, तो शब्द म्हटला की लोक वळून हसतात. मेट्रन मात्र अजून विचारतात, कुठे आहे?

तर ज्याने ते वाक्य लिहिलं त्या महाभागाला माझा निरोप दे. त्याला जेवायला बोलावलंय. दोन्ही सणांना.

ताई